तळ्यातली बोराटी

भूकंपात घर आणि नवरा एकाच पहाटे गेले, तेव्हा उमाबाई भोई औशाकडचं सासर सोडून चाकूरजवळच्या माहेरच्या तळ्यावर परत आली. पुढं सरकारनं तिला तिकडच्या नव्या वसाहतीत पक्कं घरही दिलं. पण त्या वसाहतीत हापशाला धड पाणी येत नव्हतं. मासे धरणाऱ्या बाईनं तिथं धरावं काय? बापाचं जाळं तिनं हातात घेतलं, त्याला आता सोळा वर्षं होत आली होती.

तिची खरी हुशारी मात्र जाळ्यात नव्हती, बोराटीत होती. दिवाळीआधी ती बोरीच्या काटेरी फांद्या तोडून आणायची आणि तळ्याच्या उथळ कडेला एकेक तिरपी रोवायची. त्या काट्यांत बारके मासे लपून मोठे होतात. चोरट्यांचं जाळंही तिथं फाटतं. फांद्यांच्या शेंड्यांवर खंड्या बसतो, पाणकावळे पंख वाळवतात, आणि त्यांचे फोटो काढायला हिवाळाभर लातूर-नांदेडहून गाड्या येतात. पक्षी तिथंच का बसतात, हे त्या गाड्यांतल्या एकानंही तिला कधी विचारलं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती चाकूरला मासे विकून परतली, तर काठावर बस उभी. लातूरच्या कुठल्याशा क्लासची, डॉक्टर व्हायला निघालेली तीस-चाळीस मुलं पाण्यात शिरून बोराटी उपटत होती. काठावर ढीग लागला होता. गळ्यात दुर्बीण अडकवलेले सिद्धलिंग सर सूचना देत होते.

"काय करायलेत ओ हे?"

"स्वच्छता मोहीम, मावशी. पक्ष्यांसाठी. किती कचरा टाकता तुम्ही लोक तळ्यात!"

"कचरा? महिना गेला माझा तो कचरा रोवायला! बारकी मासळी हाय त्यात. ती गेली तर उन्हाळ्यात काय विकू, तुमची दुर्बीण?"

मुलं हसली. सर नाही हसले. "मावशी, मी जीवशास्त्र शिकवतो."

"मग मासा कुठं वाढतो एवढं न्हाई शिकवलं? आन् पक्षी कुठं गेले तुमचे?"

सरांनी तळ्याकडं पाहिलं. एकही नव्हता. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आपण आलो तेव्हा त्या काट्यांवर रांग होती."

"चारला टेस्ट आहे. चला, बसा रे गाडीत."

उमाबाई टोपलं घेऊन बसच्या पायरीवर आधीच बसली होती. "बसतील की. उपटलं तसं रोवा, मग बसा. भूकंपाला जाब विचारता आला न्हाई मला. तुम्हाला इचारते."

"ड्रायव्हर, गाडी काढा!"

"बाईच्या अंगावरून काढू का, सर?" ड्रायव्हरनं खाली उतरून बिडी पेटवली.

मुलं पुन्हा चिखलात उतरली. कुणाच्या तळहाताला काटे, कुणाची चप्पल गाळात. चार वाजले तरी निम्माच ढीग सरला होता आणि पोरं थंडीनं कुडकुडत होती. ते पाहून उमाबाई पायरीवरून उठली.

"जा रे लेकरांनो. आयाबाया वाट बघत असतील."

सर सुटल्यासारखे गाडीकडं निघाले.

"तुम्ही कुठं? ढीग हाय अजून."

मुलं खिडक्यांतून बघत होती. सरांनी पँट जेमतेम घोट्यापर्यंत दुमडली.

"तेवढ्यानं न्हाई भागायचं," उमाबाई म्हणाली. "वर घ्या आनखी."