थंड ठेवण्याचं काम

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमधली मशिन्स थंड ठेवणं, हे माझं काम. एखाद्या हॉलचं तापमान दोन अंशांनी चढलं की माझा फोन वाजतो, मग मी जेवत असो की आंघोळीत. त्यामुळे असेल, थंडाव्याच्या बाबतीत मी घरातही हुकूमशहा आहे. आईचं इन्शुलिन फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, चटणीच्या डब्याशेजारी. ते तिथून हललं की मी घर डोक्यावर घेते.

दिवसा आईच्या देखभालीला पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची एक बाई असते. चाळिशीची, कमी बोलणारी. आई तिला 'पोरी' म्हणते, ती आईला 'मम्मा'. तिची स्वतःची आई तिकडे खेड्यात. तिलाही डायबेटिस. पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती आणि अंगठा कापावा लागेल असं तिथली नर्स म्हणाली होती. हे तिने आम्हाला सांगितलं ते आईच्या तळव्यांना तेल चोळताना, मान वर न करता.

एका गुरुवारी सकाळी इन्शुलिनची नवी कोरी बाटली ओट्यावर सापडली. आई रात्री ती आत ठेवायला विसरली होती. मी फर्मान काढलं, फेकून दे. त्या बाईने बाटली उजेडात धरून पाहिली आणि हळूच म्हणाली, सोबतच्या कागदावर लिहिलंय, बाहेर महिनाभर चालते. मला ऑफिसला उशीर होत होता. आईच्या तब्येतीशी मी रिस्क घेणार नाही, असं ठणकावून मी ती स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली.

गाडी चालवताना मात्र तिची आई डोक्यात येऊन बसली. खेड्यात वीज असून नसल्यासारखी, म्हणजे औषध खराब होत असणार, म्हणूनच जखम भरत नसणार. निदान झालं, आणि उपाय तर माझ्याच हातचा. तीन दिवस मी कागदावर आकृत्या काढल्या. एका मडक्यात दुसरं मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, शेजारी तापमानाचा तक्ता. आईने चष्मा लावून पाहिलं.

"एवढं शिकून शेवटी माठच काढलास की गं," ती म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

सोमवारी मी तो कागद त्या बाईपुढे ठेवला. तिने शेवटपर्यंत वाचला, अगदी तक्त्यासकट. मग म्हणाली, असंच मडकं आईकडे आहे. धाकटी बहीण पंपावरून पाणी आणून सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवते. मग जखम का भरत नाही, मी विचारलं.

"मडकं थंडच असतं, मॅडम. आत ठेवायला बाटली नसते."

गावच्या दवाखान्यात दोन महिने इन्शुलिन आलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट मी तिला कधी विचारलीच नव्हती. मला भयंकर लाज वाटली. तिने कागदाची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. आईला दाखवते म्हणाली, तुम्ही तिच्यासाठी एवढा विचार केलात.

आई माझ्याकडे बघत होती. मी ओट्याखालचा कचऱ्याचा डबा उघडला. आत नवी पिशवी लावलेली होती. कचऱ्याची गाडी शुक्रवारीच येऊन गेली होती.