न सांगता कळणारे काटेसाहेब

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या पंपघरात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि तिथलं काम म्हणजे भिंतीवरच्या गोल तबकड्यांमधले काटे बघत बसणं. पाण्याला दाब किती, टाकी कुठवर भरली, कुठल्या भागात नळ सुटलेत, सगळं काट्यावरून ओळखायचं. शाळांना सुट्टी लागली की काटा सकाळी उशिरा हलतो, टीव्हीवर मॅच रंगली की जागचा हलत नाही आणि मॅच संपली रे संपली की धाडकन खाली येतो, हे त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कळे. "सगळा गाव आत्ता एकदम उठलाय बघा," असं ते म्हणत आणि बरोबरचे लोक खो खो हसत. तिथे पडलेलं नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. फरक एवढाच, की आता दाब त्यांचा स्वतःचा मोजायचा असे आणि काटा डॉक्टरांसमोर असे.

"मीठ कमी, चालणं जास्त, आणि काळजी करायची नाही," डॉक्टर म्हणाले होते.

"पहिली दोन जमवतो," काटेसाहेब म्हणाले. "तिसरीवर काही गोळी असेल तर द्या."

गोळी मिळाली, पण ती दाबावरची. काळजीचं घर तसंच राहिलं. बायको वारल्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा, सून आणि नात दूरच्या शहरात. घरात बोलणारा एकटा टीव्ही, तोही मुलानेच आणून भिंतीवर बसवून दिलेला. त्यावर सिनेमे आणि मालिकांचं एक ॲप होतं. खातं मुलाचं, पण उघडलं की चार चेहरे ओळीने दिसत. मुलाचा, सुनेचा, नातीचा म्हणून एक ससा, आणि कडेला 'बाबा'. बाबांनी बाबांवर दाबायचं, एवढं मुलाने जाताना शिकवलं होतं. एक दिवस चष्मा सापडेना म्हणून त्यांनी अंदाजाने दाबलं आणि ते मुलाच्या दालनात शिरले.

समोर 'अर्धवट पाहिलेलं' अशी रांग होती. रांगेत सगळे पाठदुखीच्या व्यायामाचे कार्यक्रम, आणि प्रत्येक सुरुवातीलाच सोडून दिलेला. काटेसाहेब बघतच राहिले. हा तर काटाच होता की! त्यांनी लगेच फोन लावला.

"काय रे, पाठ काय म्हणतेय?"

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बापाला कळतं. पाठीला उशी घेऊन बसत जा. आणि व्यायाम सुरू केलास तर पुरा कर."

त्या दिवशी काटेसाहेब फिरायला गेले ते कोपऱ्यावरच्या केमिस्टला स्वतःहून हाक मारत गेले. मग त्यांना नादच लागला. सुनेच्या रांगेत एकच जुना रडका सिनेमा पुन्हा पुन्हा दिसला, तेव्हा त्यांनी तिला सहज म्हटलं, "चार दिवस आईकडे जाऊन ये गं." ती फोनवरच रडली. नात सशांची कार्टून सोडून शार्क माशांकडे वळली, तर यांचा प्रश्न तयार, "काय ठमाबाई, हल्ली मुक्काम समुद्रात वाटतं?" ठमाबाईंनी शाळेत जाहीर करून टाकलं, की माझ्या आजोबांना न सांगता सगळं कळतं.

याला चोरून बघणं म्हणा हवं तर. त्यांनाही ते टोचायचंच. पण मुलाचा फोन म्हणजे जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवू का. पोरगा वाईट नव्हता हो, कामात बुडालेला होता. तेवढ्या तीन प्रश्नांवर आठवडा काढून दाखवा कुणीतरी, मग बोला.

आणि खरं सांगायचं तर काटेसाहेबांना आपलं घर कायम दुसऱ्याच्या तोंडूनच कळत आलं होतं. पंपघरात पाळ्या असत. घरात सगळे टीव्हीसमोर बसत तेव्हा हे तबकड्यांसमोर. एकही मालिका त्यांनी सलग पाहिली नाही. घरी आले की बायको ताट वाढायची आणि समोरच्या खुर्चीत बसायची. "थांबा, पहिल्यापासून सांगते," म्हणायची. "अगं, मागचा भाग पाहिलाय मी, पुढचं सांग." पण नाही, पहिल्यापासूनच. सासू झाली की आवाज घोगरा, नवरा झाली की भुवया वर. आणि मधेच, त्याच दमात, "मग त्या बाईने घर सोडलं, आपल्या पोराचा दात पडला, आणि वकील तिला म्हणाला..." पोराचा पहिला दात, पहिला नंबर, पहिलं भांडण, सगळं त्यांना असं मालिकेत कालवून मिळालं. ती गेली आणि कोणी काही सांगेनासंच झालं.

मग मुलाचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "बाबा, आता एका खात्यावर एकच घर चालणार. वेगळ्या घरात राहणारे म्हणजे वेगळं कुटुंब, असा नियम केलाय कंपनीने. म्हणून तुमच्यासाठी नवीन खातं घेतलंय. सगळं तुमचं, कुणाची लुडबुड नाही!"

"कशाला उगाच," काटेसाहेब म्हणाले. याहून जास्त काय म्हणणार?

नव्या खात्यात एकच चेहरा होता. त्यावर दाबलं तर 'अर्धवट पाहिलेलं' ही रांगच नव्हती. त्यांनी दोनचार सिनेमे लावून अर्ध्यात सोडले, तेव्हा ती आली. त्यात सगळे त्यांचेच. त्यांना स्वतःचाच राग आला आणि त्यांनी टीव्ही बंद केला. घर खायला उठलं म्हणून थोड्या वेळाने पुन्हा लावला.

पुढे मुलाचे फोन आणखी आखूड झाले. "सगळं ठीक ना?" काटेसाहेब विचारत. "हो हो. जरा गडबडीत आहे, मग करतो." आवाजात काहीतरी होतं, पण नुसत्या आवाजावरून ओळखायची सवय त्यांना कधी नव्हतीच. समोर काटा लागे. डॉक्टर म्हणाले, दाब वाढलाय. काटेसाहेब म्हणाले, असेल.

आणि एका दुपारी नातीचा फोन आला. ठमाबाईंचा आवाज बारीक झालेला.

"आजोबा, माझं पोटाचं ऑपरेशन झालं."

काटेसाहेबांनी फोन कानाशी घट्ट धरला. "कधी गं?"

"झालं कधीच. आता घरी आलेय. बाबा म्हणाला, आजोबांना सांगायचं नाही, त्यांचं प्रेशर वाढतं. मी म्हटलं, सांगायला कशाला पाहिजे, त्यांना कळतंच." मग तिने तक्रार केली, "मी रोज तुमच्या फोनची वाट बघत होते. तुम्ही केलाच नाहीत."

टीव्हीवर कोणीतरी कोणावर तरी ओरडत होतं. काटेसाहेबांनी आवाज बंद केला. खाटेवर पडलेली पोर दाराकडे नाही, फोनकडे बघतेय, हे त्यांना लख्ख दिसलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेणं अवघड नव्हतं. फोन लागत नव्हता म्हणता आलं असतं.

"नाही कळलं गं मला," ते म्हणाले. "मला न सांगता काहीच कळत नाही. कुणीतरी सांगावं लागतं."

"खरंच?"

"खरंच. सांगशील मला?"

पलीकडे उशी सरकवल्याचा आवाज आला. ठमाबाई नीट टेकून बसल्या असाव्यात.

"आधी पोटात दुखायला लागलं, तिथून सांगू की दवाखान्यातून?"

"दवाखान्यातून सांग. तू दमली असशील."

"छे," ती म्हणाली. "थांबा, पहिल्यापासून सांगते."

काटेसाहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ऐकू लागले.