मुशीचं तेल आणि चार टायर

एका पावसाळ्याच्या अखेरीस मुरबे गावातली सगळी कुत्री आमच्या जीपभोवती गोळा व्हायला लागली, आणि त्याला कारण मी होते. धावत्या मोटारीमागे कुत्री लागतात, त्यात नवल नाही. पण उभ्या जीपचे टायर डोळे मिटून चाटत बसलेली कुत्री मी फक्त आमच्याच दारात पाहिली. मांजरं तर चाकाला पाठ घासत दिवसभर तिथेच पडून असत.

झालं होतं असं. आमच्याकडे होडी पाण्यात लोटण्याआधी तिला मुशीचं तेल लावतात. त्या माशाच्या काळजाचं तेल काढून ठेवतात, त्याला उग्र वास येतो, पण लाकडाला मात्र ते मानवतं. माझ्या माहेरी सातपाटीला हेच, सासरी मुरब्यालाही हेच. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली, तेल बरंच उरलं होतं. मी विचार केला, जीपही घरचीच. होडीइतकीच ती आपलं पोट भरते. मग तिच्या चाकांना का नको? चारही टायर मी चिंधीने चोळून चोळून काळे कुळकुळीत केले. आठ दिवसांनी पुन्हा केले. मग दर सोमवारी.

रबराला तेल चालत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लाकूड तेल पिऊन घट्ट होतं, रबर पिऊन फुगतं. दसऱ्याच्या सुमाराला टायर जागोजागी मऊ पडले, वाळू त्यांना चिकटून बसली, आणि एका सकाळी उमरोळीच्या अलीकडे डाव्या मागच्या टायरची एक ढलपीच सुटून रस्त्यात पडली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! माझा नवरा ती ढलपी हातात धरून घरी आला, ओट्यावर ठेवली, हुंगली आणि माझ्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ती जीप म्हणजे आमचं वैभव होतं. मागे लांब, बंद टपाची, आत दोन बाकडी. लष्कराने लिलावात काढलेली, कुणी कुणी वापरून झाल्यावर आमच्या दारात आली. तारापूरकडे अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं. तिथल्या वसाहतीत माझा नवरा मासळी पोचवायचा, आणि सुके बोंबील पालघरला न्यायचा. दुपारी गाडी धुऊन काढली की ती घरच्यांची. मग आम्ही नऊ जण तिच्यात कोंबून जत्रेला, लग्नाला, डॉक्टरकडे जायचो.

नऊ जण म्हणजे माझे सासरे सोडून. ते एकदाच बसले होते, गाडी आणली त्या दिवशी. बोईसरपर्यंत गेले आणि परत आल्यावर म्हणाले, "आता नाय बसायचा." कारण विचारलं तर ओट्यावरची आपली जागा चाचपून बसले.

सासऱ्यांची नजर त्याआधी दोन वर्षं गेली होती. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. पण त्यांच्या कानांची कीर्ती सगळ्या किनाऱ्यावर होती. घोळ मासा पाण्याखाली घुमतो. जुने लोक वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांड्याला कान लावायचे आणि मासळी कुठे आहे ते ओळखायचे. सासरे तर मासे किती आहेत, येताहेत की जाताहेत, तेही सांगायचे. नजर गेल्यावर ते कानांनीच गावभर हिंडत. कुणाच्या अंगणात काय वाळतंय ते तिथल्या बायकांच्या बोलण्यावरून ओळखत.

टायर फाटला त्याच आठवड्यात घिवलीहून निरोप आला. सासऱ्यांची मोठी बहीण तिथे दिलेली, आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो. आत्या आजारी आहे, अन्न सुटलंय, भावाला एकदा भेटायचं म्हणते. आई लवकर गेल्यामुळे सासऱ्यांना तिनेच वाढवलेलं. निरोप ऐकून ते उठून उभे राहिले, काठी घेतली आणि म्हणाले, "बैलगाडी सांगा."

बैलगाडीने घिवली म्हणजे दिवसभराची खडखड. त्यांची पाठ इतकी दुखरी की खाटेवर कूस बदलतानाही ओठ चावत. नवरा चिडला. "दारात जीप हाय आनि बैलगाडी कशाला? लोक हसतील."

तेव्हा कुठे ते बोलले. "तुजी गाडी मला दुसऱ्यांदा आंदळा करते," म्हणाले. "पयल्यांदा डोळे गेले. त्या गाडीत बसलो की कान पन जातात. कुठं चाललोय, कोन बाजूला हाय, काय कळत नाय. पेटीत घालून नेल्यासारखा वाटतो."

"इंजिनाचा आवाज तर येनारच, बाबा," नवरा म्हणाला.

"इंजिनाचा नाय रे. इंजिन एका जागी बसून वरडतं, त्याला बाजूला सारता येतो. आता होड्यांना पन इंजिनं आलीत, मला काय ठाऊक नाय? तुजी चाकं वरडतात. चारी बाजूनं."

मला एकदम वाईट वाटलं. वर्षभर आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो. ते टायर लष्करी होते, चिखलात चालणारे, त्यांच्यावर बोटभर उंचीचे रबराचे ठोकळे. डांबरी रस्त्यावर त्यांचा असा घों घों आवाज व्हायचा की मागच्या बाकड्यावर शेजारणीशी बोलायचं तर तिचा कान धरावा लागे. आम्हाला सवय झाली होती, एवढंच.

टायर तर बदलायचेच होते. मी नवऱ्याला म्हटलं, मीही येते पालघरला. तो म्हणाला, "ये, पन तेलाची बाटली घरी ठेव." असे टोमणे मी पुढे कितीतरी वर्षं ऐकले, त्यामुळे इथे एकच सांगते.

पालघरच्या स्टेशनाजवळ टायरचं दुकान होतं. दुकानदार ट्रकवाल्यांत वाढलेला माणूस, टायरांच्या चळतीवरच बसून चहा प्यायचा. नवऱ्याने ठोकळ्यांचे टायर हेरले, पहिल्यासारखेच. वाळूत रुतणार नाहीत आणि दिसायलाही दणकट. रुबाब हवा ना! मी विचारलं, "यातले कमी आवाजाचे कोणते?"

दुकानदार चहा प्यायचा थांबला. "बाई, इतकी वर्षं दुकान चालवतो. टिकेल किती, एवढंच लोक विचारतात. आवाज कोणी विचारला नाही."

पण माणूस भला होता. त्याने समजावून सांगितलं. ठोकळ्यांचा टायर चिखलाचा राजा, पण डांबरावर बडबड करतो आणि लवकर झिजतो. सरळ रेघांचा टायर डांबरावर गप्प चालतो आणि जास्त टिकतो, मात्र ओल्या मातीत घसरतो. तिसरा प्रकार म्हणजे रेघांचाच, पण जुन्या टायरवर नवी पट्टी चढवलेला. तो सगळ्यांत स्वस्त. नवऱ्याचं बोट पहिल्यावर, माझं दुसऱ्यावर, आणि दोघांचा डोळा तिसऱ्यावर. स्वस्त कोणाला नको असतं?

"ऐकल्याशिवाय कसं कळणार?" मी म्हटलं. नवऱ्याने कपाळावर हात मारला. शेवटी बोंबलाची एक करंडी दुकानात तारण ठेवून आम्ही तिन्ही प्रकारचा एकेक टायर घरी आणला. दुकानदार म्हणाला, "लावून बघू नका हं, वापरलेला परत घेणार नाही."

आता पंचाईत. लावायचा नाही तर आवाज कळणार कसा? सासऱ्यांनीच तोड काढली. "लावायचा कशाला? गडगडवत आना," म्हणाले, आणि मला घरातून वल्हं आणायला सांगितलं.

आमच्या घरासमोरून नवीन डांबरी तुकडा गेला होता. सासरे रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसले, वल्ह्याचं पातं डांबरावर टेकवलं आणि दांड्याला कान लावला. सगळी आळी जमली. जाळं विणणारे सुद्धा हातातलं काम टाकून आले. सासऱ्यांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले, अगदी होडीत होतात तसे.

नवऱ्याने पहिला, ठोकळ्यांचा टायर ढकलला. तो थाप थाप करत त्यांच्यासमोरून गेला. "हा पावलं आपटत जातो," सासरे म्हणाले. "नको."

मग स्वस्त टायर आला. माझ्या कानांना तो अगदी गुपचूप वाटला. मी मनात म्हटलं, झालं, स्वस्तात सुटलो. सासऱ्यांनी तो पुन्हा फिरवायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. "ह्याची साल सुटलीय," ते म्हणाले. "दर फेऱ्याला एकदा चपकन वाजतो."

नवऱ्याने टायर आडवा केला आणि बोटाने दाबत दाबत सगळी कड तपासली. एका जागी पट्टीखाली त्याचं नख आत गेलं. तेवढीच जागा, वितीएवढी. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला दाखवली तेव्हा ती कानाने सापडली हे त्याला पटेना. ज्याने पट्टी चढवली त्याच्या नावाने त्याने शिव्या घातल्या आणि तो टायर बाजूला टाकला. घरच्या नऊ माणसांनिशी तो भर रस्त्यात सोलला गेला असता तर, हा विचार माझ्या मनात अजून येतो.

शेवटी नवा रेघांचा टायर. तो गेला तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही, आणि सासरे हसले. कितीतरी महिन्यांनी ते असे हसत होते. "हा सरकतो," म्हणाले. "हाच आना."

नवऱ्याने शेवटचा बाण सोडला. "वाळूत रुतेल त्याचा काय?"

"होडी रुतली तर आपन काय नवीन होडी आनतो? खाली फळी घालतो," सासरे म्हणाले. नारळाच्या झावळ्यांची विणलेली चार झापं मी गाडीत टाकून ठेवली, रुतलो तर चाकाखाली घालायला. पुढे कैक वर्षं ती गाडीत होती, आणि दोन-चारदाच लागली.

चार रेघांचे टायर बसले. महाग पडले खरे, पण एकदा डांबरावर उतरले की झिजता झिजत नव्हते. माझ्या नवऱ्याला ते पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र, ही कल्पना आपलीच होती असं तो चारचौघांत सांगायला लागला.

ठरल्या दिवशी आम्ही घिवलीला निघालो. सासरे पुढे बसले, मी मागे. निघताना त्यांनी दाराची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली होती. मला भीती वाटत होती. घिवलीहून पुन्हा निरोप आला नव्हता, आणि निरोप न येण्याचे दोन अर्थ होतात. शिवाय हेही वाटत होतं, की त्यांना आवडलं नाही तर? बहिणीसाठी ओठ चावून बसतील, आणि पुन्हा कधी ओटा सोडणार नाहीत.

गावाबाहेर पडल्यावर त्यांचा एक हात सुटला. "भाजीवाली बसलीय," ते म्हणाले. खरंच बसली होती. थोड्या वेळाने म्हणाले, "मोरीवरून गेलो." मग बैलांच्या घुंगरांवरून, समोरून येणारी बैलगाडी भरलेली आहे की रिकामी, ते सांगितलं. बोईसरला हिंदी बोलणारे कामगार रस्त्यात उभे होते, त्यांची भांडणं ऐकून घेतली आणि हसले. दुसरा हातही सुटला. मग ते वाटभर बोलतच राहिले, आणि आम्ही डोळे असून त्यांच्याकडून रस्ता ऐकत गेलो.

घिवली जवळ आली तसे ते दाराबाहेर कान करून ऐकायला लागले. सुरूच्या झाडांतून वारा वाहत होता. नवऱ्याने गाडी अगदी हळू केली. मी सासऱ्यांच्या मानेकडे बघत होते, ती ताठ झाली होती.

"थांब," ते म्हणाले.

आत्याचं घर अजून बरंच लांब होतं. नवऱ्याने इंजिन बंद केलं नाही, गाडी तशीच सरकत राहिली.

"वरडते हाय," सासरे म्हणाले. "कावळ्यांवर वरडते हाय. जीती हाय रे!"

मला काही ऐकू येत नव्हतं. पुढच्या वळणानंतर ऐकू आलं. एक बारीक, चिरका, संतापलेला आवाज वाळत घातलेल्या मासळीवरच्या कावळ्यांच्या सात पिढ्या उद्धारत होता. सासऱ्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मीही रडले, सांगायला लाज कसली?

आत्या खाटेवर बसून होती, काडीसारखी झालेली. गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिचं लक्ष गेलं. "अगो बाय, गाडी आलेली कळली पन नाय," ती म्हणाली, आणि मग तिला भाऊ दिसला. तो तिच्याकडे चालत गेला तेव्हा त्याने कोणाचा हात धरला नाही.

दुपारी भाकरी-कालवण झालं. आत्याने चार घास खाल्ले. मग तिला बाहेर आणून बसवलं, तर तिची नजर नव्या टायरांवर गेली. "नवीन चाकं हायत," ती म्हणाली. "तेल नाय लावला? घरात मुशीचा तेल हाय, आना रे कोनी तरी."

नवरा माझ्याकडे बघून गालात हसला. मी मान खाली घातली. आता सगळी गोष्ट निघणार, कुत्री, ढलपी, सगळं. सासऱ्यांनी त्या तेलाबद्दल मला कधी एक शब्द विचारला नव्हता. त्यांना ठाऊक तरी आहे का, अशी मला शंका होती.

"ह्यांना नको," सासरे बहिणीला म्हणाले. "जुन्यांना लावला व्हता आमच्या सुनेनं. म्हनून तर आज मी तुज्याकडं आलोय."