बेचाळीस पावलं

नाटकासाठी जागा शोधत मी वसईभर हिंडायचो, तेव्हा लोकांना माझा संशय यायचा आणि मला लोकांचा. पडदा आणि विंगा यांच्याशी माझं हाडवैर. बंद पडलेली भातगिरणी, मिठाचं कोठार, चर्चचं आवार, जिथे प्रेक्षकांची मांडी अवघडेल तिथे मी नाटक करायचो. अशा दिग्दर्शकाला मित्र कमीच असतात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. उमेळ्यात एका म्हातारीच्या केळीच्या वाडीत, विहिरीच्या काठावर आम्ही नाटक बसवत होतो. म्हातारी विधवा होती, सातबारा मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर. आसपासच्या वाड्या विकल्या जात होत्या. ही तेवढी टिकावी म्हणून ती जिवाचं रान करत होती. मला तिने रोज दुपारपुरती परवानगी दिली, तीही कपाळाला आठ्या घालून.

मी पावलांनी जागा मोजली, खुंट्या ठोकल्या, फक्कीने प्रेक्षकांची हद्द आखली. दुसऱ्या दिवशी सगळ्या खुंट्या गायब. पुन्हा ठोकल्या, पुन्हा गायब. माझा पहिला संशय आमच्या नायकावर. त्याला चिखलात उभं राहायचं नव्हतं, त्याचा जीव हॉलमध्ये अडकलेला. मी त्याला चारचौघांत फाडफाड बोललो. बिचारा गप्प राहिला, म्हणून संशय आणखी पक्का झाला.

एका सकाळी न सांगता गेलो. म्हातारी स्वतः खुंट्या उपटून ओच्यात भरत होती.

"आजी, हे काय?"

"शेजारच्या वाडीत बी असाच एक जन मोजायची फीत घेऊन आलेला. आधी खुंट्या, मग तार, मग भिंत. तुमी नाटकवाले का दलाल, मना काय ठाव?"

मला झोंबलं. दहा वर्षं नाटकं करून मी दलाल! तावातावाने मी तिला सगळं नाटक करून दाखवलं, बायकांच्या संवादांसकट. ती हसली नाही. पण खुंट्यांच्या जागी नारळाच्या करवंट्या ठेवायला कबूल झाली. नायकाची माफी मात्र मी मागितली नाही.

प्रयोग रंगला. मुंबईहून मी काही बडी मंडळी बोलावली होती. त्यातला एक गृहस्थ शेवटी माझा हात धरून म्हणाला, "वा, काय जागा शोधलीत!" मी फुशारलो. विहिरीपासून रस्त्यापर्यंत बेचाळीस पावलं, रुंदी तीस, उन्हाळ्यातही पाणी गोडं, सगळं सांगून टाकलं. म्हातारी विहिरीपाशी उभी होती. अख्खा प्रयोगभर तिने नटांकडे पाहिलंच नव्हतं, ती त्या गृहस्थाकडेच बघत होती.

पुढच्या वर्षी नव्या नाटकाची परवानगी मागायला गेलो तर वाडीला तार लागली होती. मुलाने मुंबईतल्या मुंबईत सौदा केला होता. घेणारा तोच गृहस्थ. म्हातारी ओटीवर बसली होती.

मी म्हणालो, "आजी, फीत घेऊन आले तेव्हा तुम्ही अडवलं नाहीत?"

"फीत घेऊन कोनी आलाच नाय, मास्तर," ती म्हणाली. "माप त्यांच्यापाशी आधीच होता."