उलटं करायचे वेगळे पैसे

माझ्या हातची एक वस्तू माझ्या भावाच्या घरी चार वर्षं वॉशिंग मशीनच्या वर लटकत होती. भाच्याच्या लग्नात दिलेला फोटो-कॅनव्हास. नवरा-नवरीचा फोटो कापडावर उतरवलेला, कडेनं त्यांच्याच लग्नपत्रिकेतले मोर नि कलश कापून चिकटवलेले, वर वार्निशचे तीन हात. आठवडाभर खपले होते मी त्याच्यावर. आल्यागेल्याला वहिनी सांगायची, "वन्संनी केलंय हो, कागद चिकटवून."

कागद चिकटवून! अख्ख्या सोलापुरात चादरीला कुणी 'दोरे गुंतवून' म्हणत नाही.

मी टॉवेल-चादरींची गाठोडी घेऊन पंधरा वर्षं दारोदार फिरले. गुडघे गेले तेव्हा मोबाइलवर बघून हे काम शिकले आणि जुळे सोलापुरात एका खोलीवर 'डेकूपाज' असा, या कामाच्या परदेशी नावाचा, बोर्ड लावला. बोर्डावर 'डेकोरेशन' वाचून पहिली बाई आत आली ती मांडव किती दिवसांत घालता हे विचारायला. तरी धंदा उभा केला. कुणाकडून दमडी घेतली नाही, भावाकडून तर नाहीच. भावाचा धंदा वहिनीच्या माहेरच्यांनी उभा करून दिला, म्हणून तो 'उद्योजक', आणि मी कागद चिकटवणारी.

भावानं नवा फ्लॅट घेतला, वास्तुशांतीचं बोलावणं आलं, आणि मी ठरवलं की या खेपेला हॉलची भिंत घ्यायचीच. सोफ्यासमोरची. त्यासाठी मी असा फोटो बाहेर काढला की वहिनीची नाही म्हणायची टाप होऊ नये. आई-अप्पांचा. दोघांचा एकत्र असा एकच फोटो आहे, लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला. दोघंही आता नाहीत. फोटो माझ्याकडे, कारण आई गेली तेव्हा बाकीच्यांचं लक्ष कपाटाच्या दुसऱ्या, दागिन्यांच्या खणावर होतं.

या कामातली खुबी एवढीच की कापडाला गोंद लावून त्यावर फोटोचा कागद पालथा घालायचा. वाळला की ओल्या बोटांनी कागद चोळून काढायचा; कागद जातो, शाई कापडावर राहते. पालथा घातल्यामुळे चित्र उलटं उमटतं. म्हणून प्रिंट आधीच उलटी काढून घ्यायची, म्हणजे कापडावर सरळ येते. हे मी शिकवणीला येणाऱ्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगते, आणि विसरली तर ओरडते.

नवी पेठेतला प्रिंटवाला माझा जुना माणूस. त्या दिवशी त्यानं नवंच काढलं.

"आक्का, आता उलटं करायचे दहा रुपये वेगळे लागतेत की."

"कसले वेगळे? एक बटन तर दाबतोस."

"दाबायचेच पैसे की. न दाबायचे कोण देतंय?"

दुकानात चार गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं फिरलं. "हे बघ, तुझं दुकान टपरीएवढं होतं तेव्हापासून येते मी. मला उलटंसुलटं काही सांगू नकोस. सरळ कर, सरळ!"

"सरळ करू?"

"सरळ!"

"बरं आक्का, तुम्ही म्हणाल तसं."

दहा रुपये वाचवले म्हणून मी छाती काढून बाहेर पडले. त्यानं माझा शब्दन्‌शब्द पाळला होता. सरळ केलं होतं.

घरी येऊन मी प्रिंट बघितली नाही असं नाही. चांगली दहा मिनिटं बघितली. परक्याचा फोटो असता तर बाजू तपासली असती. हा बघताना आई बघितली, आणि पालथा घातला. फोटोत एखादी पाटी असती, एक अक्षर असतं, तर चोळतानाच कळलं असतं. अक्षर नव्हतं. आई जरा वेगळी दिसतेय असं वाटलं खरं. दोष गोंदाला दिला. कडेनं तिच्याच जुन्या इरकलच्या काठाचे तुकडे लावले, वार्निश मारलं आणि रिक्षात मांडीवर धरून नेलं.

वास्तुशांतीला पन्नासेक माणसं होती. मी कॅनव्हास उघडला तशी सगळी जवळ सरकली. भाऊ तर पुढं येऊन आईच्या काठावरून बोट फिरवायला लागला. वहिनीनं या खेपेला 'कागद' हा शब्द काढला नाही, याचा मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही.

तेवढ्यात दुधनीची मावशी पुढं आली. आईची धाकटी बहीण. आम्ही तिला चिक्कव्वा म्हणतो. चष्मा पुसून तिनं जवळून बघितलं आणि भर हॉलमध्ये कानडीत विचारलं, "अक्कन सेरगु बलक्क याक बंतु?" आक्काचा पदर उजवीकडं कसा आला?

मग सगळ्यांनाच दिसलं. आईचा पदर उजव्या खांद्यावर, अप्पांचं घड्याळ उजव्या मनगटात, शर्टाचा खिसाही उजवीकडं.

"अगंबाई," वहिनी म्हणाली, "वन्सं, उलटं चिकटलं की हो!"

गिऱ्हाइकापुढे अडकले की माझी जीभ आधी पळते, मी मागून पोचते. मी म्हणाले, "चिकटलं नाही, केलंय. चिक्कव्वा, आई रोज आरशात कुंकू लावायची तेव्हा आरशातल्या बाईचा पदर कुठल्या खांद्यावर असायचा? उजव्याच की. तुम्ही सगळ्यांनी तिला समोरून बघितली. तिनं स्वतःला बघितली ती ही अशी."

चिक्कव्वानं डोळ्याला पदर लावला. थाप तोंडातून सुटली होती, पण ऐकता ऐकता मलाही ती खरी वाटायला लागली. जिंकले, असं समजले मी.

वहिनी व्यापाऱ्याची लेक. शांतपणे म्हणाली, "मग आरशासमोरच लावू या की, वन्सं. आरशातल्याच आहेत ना त्या? हॉलच्या भिंतीला वास्तुवाल्यांनी सात घोडे सांगितलेत." घोडे आणूनही ठेवले होते, सोनेरी फ्रेमचे. भाऊ ड्रिल घेऊन उभाच. माझ्याच मालाची तारीफ तिनं उचलली आणि माझ्याच गळ्यात घातली. माझी आई जेवणघराच्या बोळात गेली, बेसिनच्या आरशासमोरच्या भिंतीवर.

दोन महिने मी त्या घराची पायरी चढले नाही. प्रिंटवाल्याकडे गेले, त्याला अद्वातद्वा बोलले. तो म्हणाला, "तुम्हीच तीनदा सरळ म्हणालात की." दहा रुपये मी त्याला अजून देत नाही, मोबाइलवर फोटो स्वतः उलटा करते आणि मग पाठवते.

शेवटी चिक्कव्वा राहायला आली, भावानं सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं, म्हणून जावं लागलं. शेंगापोळी होती, वर तूप. हात कोपरापर्यंत माखले. बेसिनशी गेले, साबण लावला, मान वर केली. आरशात माझ्या खांद्यामागे आई-अप्पा. पदर डाव्या खांद्यावर, घड्याळ डाव्या हातात, सगळं जिथल्या तिथं. नळ चालू राहिला, साबण बोटांवरून वाहून गेला.

"सरळ दिसतात की नाही?" मागून वहिनी.

"टॉवेल द्या," मी म्हणाले.

तिनं दिला. माझ्याच गाठोड्यातला होता, विटलेला.

पुसता पुसता हॉलकडे बघितलं. जेवून उठलेले पाहुणे घोड्यांकडे पाठ करून इकडे रांगेत उभे होते. घोडे बघितले नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही. हात मात्र सगळ्यांनाच धुवावे लागतात.