मिस्त्रींचं नाक

कुठेही रिकामा लोखंडी ड्रम दिसला, की मिस्त्री त्यात डोकं घालत. नुसतं वाकून बघणं नव्हे, चांगले खांद्यापर्यंत आत जात. आतून एक लांब श्वास ऐकू येई. मग बाहेर येऊन, टोपी सारखी करत ते मालकाला विचारत, "ह्याच्यात आधी काय व्हतं?" उत्तर त्यांना नाकाने आधीच दिलेलं असे. विचारायचं ते फक्त माणूस खरं बोलतो का हे बघायला.

ही सवय ड्रमापुरती राहिली नव्हती. जुन्नरला माझा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे अर्धा तालुका मी लग्नांतून पाहिला. अशाच एका लग्नात नवरदेव कुठल्या मोठ्या कंपनीत आहे हे मुलीचे मामा पावण्यांना रंगवून सांगत होते. मिस्त्री माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "आन् त्याच्या आधी कुठं व्हता?" मला हसू आवरेना आणि मामांचे दोन फोटो हलले.

पिंपळवंडीच्या रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉल्या, गेटं, द्राक्षबागांचे अँगल यात आयुष्य गेलं. साठी उलटल्यावर, मुलाने दुकान हातात घेतल्यावर, त्यांना भट्टीचं वेड लागलं. आम्ही तिला भट्टी म्हणतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर स्मोकर म्हणतो. एका बाजूला लाकूड जळतं, त्याचा धूर शेजारच्या बंद पिंपात जातो आणि तिथे मटण, कोंबडी, मासा, जे असेल ते दिवसभर निवांत शिजतं. जाळ अन्नाला शिवत नाही. कुणीतरी मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ पाहिला, मिस्त्रींना दाखवला, आणि मिस्त्रींनी तो एकदाच बघून सांगितलं की त्या माणसाचं वेल्डिंग कच्चं आहे.

हळूहळू आमच्या भागात अशा हौशी लोकांची टोळीच झाली. दरवर्षी थंडीत एका रविवारी डिंगोऱ्यात सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात आम्ही जमतो. पिकअपमधून, ट्रॅक्टरमागून भट्ट्या येतात. आमच्याकडे शर्यतीचे बैल ज्या तोऱ्यात मिरवतात त्याच तोऱ्यात हे लोक आपल्या भट्ट्या मिरवतात. नारळ फुटतो, गुलालही लागतो. एकाने दुधाच्या टाकीची भट्टी केली होती. दुसऱ्याने चक्क बायकोचं लोखंडी कपाट आणलं. जिथे साड्या टांगायच्या तिथे बोकडाची मांडी टांगलेली, आणि वर आरसा तसाच. बायकोने ते बघितलं आणि शांतपणे फक्त लॉकरची किल्ली मागितली.

मिस्त्रींची भट्टी या सगळ्यांत थोरली. पंक्चरच्या दुकानातून काढलेली हवेची टाकी, काळ्या पाइपाचं धुराडं, पेरणीयंत्राची चाकं, आणि सगळ्यावर ट्रॅक्टरचा लाल रंग. ती शेतात शिरली की ते तिच्या पुढे चालत. "असली भट्टी पुण्यात न्हाई," ते सांगत. "पुणं सोडा, पुण्याच्या पुढं बी न्हाई." पुण्याच्या पुढे ते कधी गेले नव्हते, पण हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि एक रीत पडून गेली होती. नवी भट्टी मिस्त्रींनी हुंगल्याशिवाय पेटवायची नाही. ड्रम येतात भंगारातून, आणि आमच्या भागात भंगारात काय येत नाही? गोड्या तेलाचा ड्रम चालायचा, गुळाच्या काकवीचा चालायचा. औषधाचा मात्र कदापि नाही. इकडे औषध म्हणजे फवारणीचं, हे तुम्हाला सांगायला नको. मालक म्हणे, चांगला तीनदा जाळून घेतलाय. मिस्त्री म्हणत, "लोखंड इसरत न्हाई," आणि विषय संपे. एकदा एक हौशी भीमाशंकरकडून गाडी भरून लाकूड घेऊन आला, धुराला वेगळा स्वाद येईल म्हणून. मिस्त्रींनी एक ढलपी नाकाशी धरली. त्यांना शेवाळाचा वास आला की कसला, कोण जाणे, पण त्यांनी विचारलं, कुठून आणलं. तो गडबडला. "देवाच्या रानातलं हाय. परत नेऊन टाका," एवढंच म्हणाले, आणि त्या गृहस्थाने गाडी वळवली.

मग ती साथ आली. मिस्त्रींना बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. परत आले ते निम्मे होऊन. पण आले, याचाच आम्हाला आनंद होता.

पुढे कधीतरी मी लाइटचा स्टँड जोडून घ्यायला त्यांच्याकडे गेलो. घर दुकानाच्या मागेच आहे. मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माझ्याशी बोलत होते आणि त्यांच्या पाठीमागे दूध उतू जाऊन करपत होतं. वास मला रस्त्यावरच आला होता. मिस्त्री बोलतच राहिले. काकू परसातून धावत आल्या, गॅस बंद केला, आणि त्यांनी मिस्त्रींकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मी निघालो तेव्हा त्या गेटपर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्यास्नी वास येत न्हाई भाऊ. चव बी गेली. भाजीत मीठ हाय का न्हाई ते माझ्या तोंडाकडं बघून वळखत्यात. कुणाला सांगू नका. लोक ड्रम हुंगायला बोलावत्यात म्हणून तर सकाळी उठून, धुतलेली कापडं घालून बसत्यात."

मी सांगितलं नाही. पण त्यानंतर मी मिस्त्रींना बघू लागलो आणि त्या माणसाची हिकमत बघून थक्क झालो. आता ते ड्रमात डोकं घालण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करत. "तू सांग बरं, शिकला का बघतो." मिस्त्री आपल्याला शिकवतात म्हणून तो फुलून जाई, जीव ओतून हुंगे आणि सांगे. मग मिस्त्री आत जाऊन तेच शिक्कामोर्तब करत. मी बरोबर असलो तर मीच आधी वाकायचो आणि मोठ्याने म्हणायचो, काय गोड्या तेलाचा वास मारतोय. आमच्यात यावर कधी एक शब्द झाला नाही. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं, एवढं मात्र नक्की.

आणि मग त्या थंडीतला मेळावा. टोमॅटोचा एक तरुण व्यापारी त्या वर्षी नवी भट्टी घेऊन आला. दोन ड्रम एकावर एक, चकचकीत मुठी, रंगीत दिव्यांची माळ, वर मुलीचं नाव घातलेलं. त्याची आई, सासरची माणसं, पोरंबाळं, सगळा गोतावळा आला होता. मटण सकाळपासून मसाल्यात मुरत होतं. गोड्या तेलाचे ड्रम आहेत, भंगारवाल्याने खात्रीने दिलेत, असं त्याने सांगितलं. मी वाकलो. नव्या रंगाचा उग्र वास आला, दुसरं काही नाही. मी तसं मोठ्याने म्हटलं.

मिस्त्री आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा हात ड्रमाच्या आतच होता, भिंतीवरून फिरत. त्यांनी विचारलं, आतून कशाला रंगवला? व्यापारी म्हणाला, तो तसाच रंगवलेला मिळाला. आता हे आमच्यातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. भट्टी कुणी आतून रंगवत नाही. ड्रम आतून रंगवतात तो झाकायला, आणि काय झाकलं ते कोण सांगणार. बाकीचे म्हणू लागले, एकदा पेटवली की रंग जळून जाईल. व्यापाऱ्याला घाई होती. तो म्हणाला, "मिस्त्री, तुमी फक्त हो म्हणा. तुमचं नाक म्हंजे विषयच संपला राव."

मंडळी, जरा विचार करा. औषधाचा वास येतोय, एवढं त्यांनी म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. ड्रम बाजूला गेला असता, पोरं वाचली असती, आणि मिस्त्रींचं नाक आणखी एक वर्ष तालुक्यात गाजलं असतं. मी मनात म्हणतही होतो, म्हणा, म्हणा. पण जो वास आला नाही तो आला असं त्या माणसाच्या तोंडून निघेना.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "आजारपणापासनं न्हाई. इतके दिस तुमाला फशिवलं मी. ह्याच्यात काय व्हतं ते मला सांगता येत न्हाई, आन् ते कळल्याबगर ह्याच्यात लेकरांचं जेवाण लावायचं न्हाई."

एक-दोघं हसले. त्यांना ती गंमत वाटली. मिस्त्री हसले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की हातात कॅमेरा असून तो वर उचलवला नाही. व्यापारी थोडा वेळ मुलीच्या नावाकडे बघत उभा राहिला. मग त्याने स्वतःच झाकण लावलं आणि मटणाची पातेली लाल भट्टीकडे नेली. पुढे त्याने भंगारवाल्याला गाठून खोदून विचारलं. त्यालाही सांगता आलं नाही. त्या ड्रमात काय होतं ते आम्हाला आजही माहीत नाही.

लोक वाईट नव्हते. कुणी मिस्त्रींना शब्दाने बोललं नाही. उलट म्हाताऱ्याला कशाला त्रास द्यायचा, असा सगळ्यांनी विचार केला आणि ड्रम दाखवायला नेणं बंद केलं. नवे पत्रे विकत आणून भट्ट्या करू लागले. फोन येईनासे झाले. काकू सांगत, अजून सकाळी धुतलेले कपडे घालून बसतात. दुसऱ्या वर्षी मेळाव्याला त्यांनी लाल भट्टी पाठवली, स्वतः आले नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं.

गेल्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. भट्टी आता तो व्यापारी सांभाळतो आणि शेतात आणताना तिच्या पुढे चालतो. माझ्याकडे मिस्त्रींचे पुष्कळ फोटो आहेत, सगळे छाती काढून उभे राहिलेले. मला आठवते ती मात्र त्या दुसऱ्या वर्षाची संध्याकाळ, जिचा फोटो नाही.

मेळावा संपल्यावर मी येडगावच्या धरणातल्या माशाचा मोठा तुकडा केळीच्या पानात बांधून त्यांच्याकडे नेला. ते ओट्यावर बसले होते. पान उघडून बराच वेळ बघत राहिले, कडेची साल बोटाने दाबून पाहिली, मान हलवली. मग एक घास तोंडात घातला आणि म्हणाले, "सांगा."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी बावरलो. जन्मभर मी लोक दिसतात कसे तेवढंच बघितलं. तरी लागलो सांगायला. वरची साल तिखट लागते. मग धूर येतो, जरा गोडसर, चुलीवर मक्याचं कणीस भाजताना येतो तसा. लसूण मागे आहे. चिंचेचा कोळ लावला असावा, जिभेच्या कडेला आंबट—

मिस्त्रींनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटलेले होते.

"सावकाश," ते म्हणाले. "घास संपू द्या."

मी थांबलो. त्यांनी चावून चावून तो घास संपवला, पानावरून दुसरा उचलला, आणि माझ्याकडे तोंड करून बसले.