विहिरीसाठी कळसूबाई

विहिरीत उतरायचं असेल तर आधी कळसूबाई चढून दाखव, असं तुमच्या गावात कुठल्या मुलाला कधी कुणी सांगितलंय का?

मला सांगितलं. बेलापूरजवळच्या आमच्या गावात आप्पांच्या मळ्यात पायऱ्यांची मोठी विहीर आहे. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून गावातली सगळी मुलं तिथंच पोहायला शिकतात. सगळी मुलं म्हणजे मुलगे. मी शिकले ती राहात्याला, मामाच्या विहिरीत. आमच्या गावाची अब्रू तेवढ्या लांब पोचत नसावी.

मागच्या उन्हाळ्यात शेजारची सहावीतली पोर कालव्यात पडली. म्हशीचं शेपूट हाताला लागलं म्हणून वाचली. गावानं आठवडाभर म्हशीचं कौतुक केलं. मी पत्रक काढलं. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील पाण्याच्या पाळीसाठी काढायचे, रेशनसाठी काढायचे, आणि मी ‘जाहीर’ आणि ‘निषेध’ याच शब्दांवर वाचायला शिकले. माझी मागणी साधी होती: रविवारी सकाळी एक तास विहीर मुलींना द्या.

ग्रामसभेत आप्पांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला आणि खिशातून मोबाईल काढला. त्यावर भंडारदऱ्याच्या बाजूला होणाऱ्या कसल्याशा शर्यतीचा व्हिडिओ होता. आधी धरणाच्या पाण्यात पोहायचं, मग घाटातून सायकल हाणायची आणि शेवटी पळत कळसूबाईचं शिखर गाठायचं.

“ह्ये बघ,” आप्पा म्हणाले. “ह्ये पुरं करून ये. मग रविवार तुमचा.”

सभा हसली. मी हसले नाही. छापलेला शब्द आणि चारचौघांत दिलेला शब्द खरा मानायचा, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी नाव नोंदवलं.

आता आमच्याकडचा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. बाकी जिकडं बघाल तिकडं सपाट ऊस. डोंगराचा सराव म्हणून मी जुन्या सायकलवर तो पूल रोज चढायचे, उतरायचे, वळून पुन्हा चढायचे.

“काय हरवलंय का गं?” उसाच्या ट्रॅक्टरवरून एकानं विचारलं.

“चढ शोधतेय.”

“आमच्या घरी चल. सासू हाय, तिच्यापरीस अवघड चढ न्हाई.”

शर्यतीच्या आठवडाभर आधी गावानं माझा सत्कार केला. होय, आधी. प्रमुख पाहुण्यांना तीच संध्याकाळ मोकळी होती. पुढच्या सगळ्या तारखा लग्नांनी धरलेल्या.

“आप्पा, शर्यत अजून व्हायचीय,” मी म्हणाले.

“आगं, व्हईल की! शर्यत कुटं पळून चालली? पाव्हणं पुन्हा गावायचं न्हाईत.”

शाल आली, नारळ आला. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला: ‘कळसूबाई शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मधोमध पाहुणे, त्यांच्या शेजारी हात जोडलेले आप्पा आणि खालच्या कोपऱ्यात मी, आधारकार्डावरच्या फोटोत.

शर्यतीत पाण्यातून मी पहिल्या काहींत बाहेर आले. मामाच्या विहिरीचे उपकार. मग घाट लागला, आणि पूल आणि घाट यांतला फरक माझ्या मांड्यांना कळला. निम्म्या चढावर मी सायकल ढकलत होते. ठरलेल्या वेळेच्या आत पायथ्याला पोचलं तरच डोंगर चढू देतात. मी पोचले तेव्हा तिथला माणूस अदबीनं म्हणाला, “ताई, वेळ संपली,” आणि माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला. शिखर समोर होतं, स्वच्छ दिसत होतं. मी पायरीवर बसून केळं खाल्लं.

गावात उतरले तर स्टँडवर मी जिंकलेलीच होते. कुणी काही विचारलंच नाही. फ्लेक्स वाचल्यावर विचारायचं काय? शेजारच्या पोरीची आई तेवढी घरी आली. तिला मी सगळं खरं सांगितलं.

ती दार लोटून घेत म्हणाली, “गप ऱ्हा ना, बाई. आप्पा म्हनत्यात रविवारी पोरींना आणा. तू तोंड उघडलंस तर विहीर गेली. माझी पोर पुन्हा म्हशीच्या भरवशावर.”

तिचं खोटं नव्हतं. मी वडिलांकडं बघितलं. ते म्हणाले, “मजकूर चुकीचा गेला तर आपण दुरुस्ती छापतो.” एवढं बोलून ते झोपायला गेले. तत्त्वाचं हे असं असतं, ते सांगणाऱ्याला लगेच झोप लागते.

रविवारी विहिरीवर पोरी डबे बांधून उभ्या होत्या. आप्पा कठड्यावर बसलेले.

“आप्पा, मी शिखरावर गेले नाही. पायथ्यालाच अडवलं.”

शेजारणीनं कपाळाला हात लावला. आप्पांनी पोरींकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“मग त्यो फ्लेक्स?”

“तुमचाच आहे. शाल परत आणलीय.”

“शाल परत घेत्यात व्हय कुटं? पाव्हण्यांच्या हातची हाय! लोकं म्हनतील, आप्पानं फुकट सत्कार केला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तू काय बोललीच न्हाईस, असं धरू.”

“मी बोलले, आप्पा. आणि विहीरही मागतेय. मुलग्यांना कुणी डोंगर विचारला होता?”

तेवढ्यात ती कालव्यात पडलेली पोर पायरीवरून धपकन पाण्यात उतरली. मी तिच्यामागं उडी घेतली. वरून आप्पा ओरडले, “आगं, पाय हलव! हात नगं झोडू, पाय!”

तेव्हापासून रविवारचा तास सुरू आहे. फ्लेक्सही आहे. दुरुस्तीचं पत्रक मी काढलं आणि स्वतः स्टँडवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा लागल्या होत्या. गावाच्या लेखी विहीर मी डोंगर जिंकून मिळवली. शेजारची पोर मात्र आता डबा न बांधता पोहते, आणि तिला डोंगराचं काही विचारलं तर खांदे उडवते.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात अशी विहीर असेल, तर येत्या रविवारी घरातली किंवा शेजारची एक मुलगी तिथं घेऊन जा, पाठीला डबा नीट बांधा आणि तिच्यासोबत स्वतः पाण्यात उतरा. कुणी अडवलंच, तर त्यानं कुठला डोंगर चढला होता ते तेवढं विचारा.